शिळेवरचे तेरा दिवस





देहूला गेलेला वारकरी त्या शिळेवर डोकें टेकल्यावांचून परत फिरत नाहीं. तुकोबारायांच्या वह्या इंद्रायणींत बुडविल्या गेल्या, महाराज याच शिळेवर तेरा दिवस अन्नपाणी सोडून बसले, आणि मग वह्या कोरड्या वर आल्या, ही कथा आपल्यांतलें शेंबडें पोरही सांगेल. कीर्तनांत हा प्रसंग आला कीं टाळकरी सरसावतात, मृदंग चढतो, बुवांचा आवाज टिपेला जातो, आणि वह्या वर आल्या म्हणतांच मंडपांत विठ्ठलनामाचा गजर होतो. व्हावाच. पण माउलींनो, त्या गजरांत एक गोष्ट राहून जाते. वह्या बुडाल्या हें एक वाक्य, वर आल्या हें दुसरें वाक्य; मधले तेरा दिवस आपण एका श्वासांत ओलांडून जातों. तेरा दिवस म्हणजे तेरा रात्रीही. त्या रात्रीं देहूंत कोणालाच ठाऊक नव्हतें कीं वह्या वर येणार आहेत. आज आम्हांला बोलायचें आहे तें त्या तेरा दिवसांविषयीं.

आधीं तुकोबांचा गुन्हा काय होता तें पाहूं. त्यांनीं कोणाचें शेत बळकावलें नव्हतें, कोणाच्या घरीं दरोडा घातला नव्हता. ज्यानें बोलूं नये असें ठरलेलें होतें तो बोलला, आणि ज्यांनीं ऐकूं नये असें ठरलेलें होतें त्यांनीं तें ऐकलें, एवढाच तो गुन्हा. वेदांचें सार, तें कुणब्याच्या तोंडून, तेंही मराठींत, आणि ऐकायला अठरापगड जात बसलेली! त्या काळच्या धर्मसत्तेला हें सोसवलें नाहीं. वह्या बुडवा म्हणून आज्ञा झाली.

नवविधा भक्तींत पहिली भक्ति श्रवण, दुसरी कीर्तन, तिसरी स्मरण. हा क्रम मोठा विचारानें लावला आहे. आधीं कान उघडतो, मग तोंड उघडतें, आणि कानांतून आलेलें व तोंडून गेलेलें जें आंत उरतें तें स्मरण. शिकणें हें श्रवण. मनांतलें सत्य भय न धरतां बोलणें हें कीर्तन. जगांत कोठेंही जुलमी सत्ता आली कीं ती पहिल्यानें काय करते तें तुम्ही पाहा. ती शाळेच्या दारावर पहारा बसविते आणि बोलणाराच्या तोंडावर हात ठेवते. म्हणजे पहिल्या दोन भक्तींवरच घाला. तिसरीपर्यंत मात्र तिचा हात पोंचत नाहीं. कागद पाण्यांत टाकतां येतो, कंठांतलें कोण बुडविणार?

कोणी म्हणेल, "बुवा, हा राजकारणाचा विषय झाला. वारकऱ्यानें आपला टाळ वाजवावा, तुळशीला पाणी घालावें, या भानगडींत कशाला पडावं?" ठीक आहे. पण ज्या पंथाचा पाया नेवाशास मराठी बोलीला गीतेचा अर्थ सांगून घातला गेला, ज्या पंथांत गोरोबा मडकीं घडवितां घडवितां, सावतोबा मळ्यांत पाणी देतां देतां आणि जनाबाई जात्यावर बसून बोलली, त्या पंथाला जर शिकण्याबोलण्याच्या बंदीचें कांहीं वाटणार नसेल, तर मग वाटायचें कोणाला?

लांब नको जायला. आपल्या शेजारच्या गोमंतकाचेंच पाहूं. सांखळीजवळ विठ्ठलापुरांत पांडुरंग उभा आहे. म्हणजे तीं माणसें आपल्याच घरचीं. त्या भूमींत पोर्तुगीज आले १५१० सालीं. पुढल्या तीस-चाळीस वर्षांत देवळें मोडलीं जाऊं लागलीं. लोकांनीं देव पालखींत घालून नदीपलीकडे नेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला तो १५६० सालीं. त्याच सालीं गोव्यांत इन्क्विझिशन बसलें. इन्क्विझिशन म्हणजे कोणाच्या मनांत काय श्रद्धा आहे याची चौकशी करून शिक्षा देणारें धर्माचें न्यायालय. मधलीं चार-दोन वर्षें सोडलीं तर तें १८१२ पर्यंत चाललें. घरोघरच्या पोथ्या हुडकून काढल्या गेल्या आणि जाळल्या गेल्या. केळोशी गांवच्या कृष्णदास शामा नांवाच्या भक्तानें १५२६ सालीं श्रीकृष्णाची कथा मराठी ओव्यांत रचायला घेतली होती. अशा कथा ज्या ओसऱ्यांवर वाचल्या जात, त्या ओसऱ्याच ओस पडल्या.

पोथ्या गेल्या तरी लोक आपसांत बोलतच होते. म्हणून मग १६८४ सालच्या जून महिन्याच्या २७ तारखेस व्हाइसरॉयनें हुकूम काढला कीं रयतेनें तीन वर्षांच्या आंत आपली घरची बोली सोडून पोर्तुगीज भाषा धरावी. बायांनो, तुम्हीच सांगा! पाळण्याशीं बसून जी भाषा तोंडांत येते ती कोणाच्या हुकुमानें तीन वर्षांत जाते काय? आणि आणखी एक मौज पाहा. हिंदुस्थानांतला पहिला छापखाना आला तो गोव्यांतच, १५५६ सालीं. त्याच गोव्यांत पुढें १७५४ पासून १८२१ पर्यंत छापखान्याला बंदी राहिली. ज्या घरीं दिवा प्रथम लागला त्याच घरीं ६७ वर्षें अंधार.

आतां येथें आम्हांला एक कडू गोष्ट सांगावी लागते. तुकोबांच्या वह्या वर आल्या, म्हणून सगळ्याच वह्या वर येतात असें कोणी समजूं नये. गोव्यांत जळालेल्या किती पोथ्या कायमच्या गेल्या, त्यांचीं नांवेंही आज कोणी सांगूं शकत नाहीं. जें राहिलें तें कसें राहिलें तें मात्र ऐकण्यासारखें आहे. रामायण-महाभारताच्या कांहीं कथा पाद्र्यांनींच, लोकांची भाषा शिकतां यावी म्हणून, रोमन अक्षरांत उतरून घेतल्या होत्या. त्या वह्या पोर्तुगालांत ब्रागा शहराच्या ग्रंथालयांत आजही आहेत. जाळणारांच्याच घरांत थोडें जतन झालें. देवाची लीला अशी!

दुसरें उदाहरण फादर थॉमस स्टीफन्स यांचें. हे इंग्लंडांत जन्मलेले, १५७९ सालीं गोव्यास आले, मराठीवर त्यांचा जीव जडला, आणि येशूची कथा त्यांनीं आपल्या ओवींत लिहिली. तें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं छापलें गेलें. त्या छापील ग्रंथाची एकही प्रत आज कोणास सांपडलेली नाहीं. मग तें पुराण वांचलें कसें? भाविक ख्रिस्ती माणसांनीं हातानें नकला केल्या, घरांत ठेवल्या, मोठ्यानें वाचल्या; आणि त्या नकलांवरून १९०७ सालीं मंगळुरांत तें पुन्हां छापलें गेलें. म्हणजे त्यांच्याकडेही शिळेवर बसणारे होते. शब्द वांचवण्याचें पुण्य कोणा एका धर्माच्या नांवावर लिहिलेलें नाहीं.

पोर्तुगालांत १९१० सालीं राजेशाही गेली, तेव्हां गोव्याच्या हिंदूंना थोडा मोकळा श्वास घेतां आला. पण १९२६ सालीं तेथें लष्करानें सत्ता घेतली आणि पुढें सालाझारची राजवट आली. पुन्हां तोच हात तोंडावर. वर्तमानपत्रांतला मजकूर छापण्याआधीं सेन्सॉरच्या मेजावर जायचा, परवानगीवांचून सभा नाहीं, आणि लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेलासुद्धां सेन्सॉरचा शिक्का लागे, असें त्या पिढीचे लोक सांगत आले. गणपतीचें चित्र, वधूवरांचीं नांवें, मुहूर्ताची घटिका, यांत सरकारला भय कसलें वाटत असेल? पण जुलमी माणसाचें असेंच असतें. तो स्वतः फार भितो. त्याला लग्नाच्या अक्षतांतही बंडाचा दाणा दिसतो.

त्या दिवसांत गोव्यांतल्या साध्या संसारी माणसांनीं काय केलें? पणजींत १९०८ सालीं एक संस्था उभी राहिली, तिचें नांव मुष्टिफंड. मुष्टि म्हणजे मूठ. घरांतल्या बाईनें रोजच्या तांदळांतून एक मूठ बाजूला काढायची, तें धान्य जमवायचें, आणि त्यावर मराठी शाळा चालवायची. सरकारचा पैसा नाहीं, कोणा राजाचें दान नाहीं. चूल पेटविण्याआधीं एक मूठ! आम्हांला तर हा आपल्या पंथाचाच नेम वाटतो. आपण तरी काय करतों? रोज थोडें, पण रोज. एकादशी चुकवायची नाहीं, हरिपाठ चुकवायचा नाहीं, वारी चुकवायची नाहीं. तसाच तो तांदळाचा नेम. गांवोगांवीं देवळांच्या अग्रशाळांत, कोणाच्या पडवींत, खासगी मराठी शाळा भरत. तुटपुंज्या पगारावर मास्तर मुलांना धुळाक्षरें गिरवायला लावीत. सांगलीकडचे एक तरुण १९५० च्या सुमारास तिकडे मराठीचे शिक्षक म्हणून गेले, तेच पुढें मोहन रानडे या नांवानें सर्वांना ठाऊक झाले. मुक्तिलढ्यांत त्यांनीं शस्त्र धरलें, १९५५ सालीं पकडले गेले, आणि गोवा स्वतंत्र झाल्यावरही पोर्तुगालच्या तुरुंगांत राहून १९६९ सालीं सुटले. शस्त्राचा मार्ग आपला नव्हे. पण शिकवायला गेलेल्या माणसाला आसपासचा अंधार स्वस्थ बसूं देत नाहीं, एवढें त्यावरून समजावें.

हें झालें श्रवणाचें. आतां कीर्तनाचें ऐका. १९४६ सालच्या जूनची १८ तारीख. मडगांवांत पावसाची झड लागलेली. डॉ. जुलियांव मिनेझिस आणि डॉ. राममनोहर लोहिया सभेला आले. अधिकाऱ्यानें वाट अडविली, लोहियांनीं त्याला बाजूला सारलें आणि बोलायला आरंभ केला. धरपकड झालीच, पण लोकांच्या तोंडचें कुलूप त्या दिवशीं निघालें. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांनीं त्याआधींच, १९४४ सालीं, एक पुस्तिका लिहून दाखविलें होतें कीं परक्या सत्तेनें दिलेलें शिक्षण माणसाला स्वतःचीच ओळख विसरायला लावतें. त्यांना लष्करी न्यायालयानें आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालांत पेनिशच्या किल्ल्यांत नेऊन ठेवलें. १९५४ सालीं म्हापशांत एका मेजवानींत कोणी भाषण करतांना गोवा म्हणजे पोर्तुगालच असें म्हणाला. डॉ. पुंडलीक गायतोंडे यांनीं भर पंक्तींत आपला निषेध सांगितला. शब्द एक-दोनच. तेवढ्यासाठीं त्यांना धरून पोर्तुगालला पाठविलें. नांव पुंडलीक! आमच्या पुंडलिकानें देवाला विटेवर थांबविलें, या पुंडलिकानें एका शब्दानें एक साम्राज्य थांबवून पाहिलें.

आणि पुढली गोष्ट तर आम्हांला कीर्तनासारखीच वाटते. १९५५ च्या नोव्हेंबरांत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनीं गोव्याच्या सीमेबाहेर रानांत राहून एक आकाशवाणी चालविली. आधीं आंबोलीकडे, मग कॅसलरॉकच्या बाजूस. 'गोंयचे सोडवणेचो आवाज' हें तिचें नांव. पावसाचें पाणी, जळवा, साप, आणि रोज ठरल्या वेळीं कोंकणींत आणि पोर्तुगीजमध्यें बातम्या. जी बातमी गोव्याच्या वर्तमानपत्रांत येऊं शकत नव्हती ती रानांतून घरांत येई. दारें लावून, आवाज बारीक करून लोक ऐकत. अशी सहा वर्षें! १९६१ च्या डिसेंबरांत १९ तारखेस गोवा मोकळा झाला, तेव्हां त्याच दोघांनीं विमानांतून ध्वनिवर्धकावर ती वार्ता लोकांना सांगितली. आणि जी बोली तीन वर्षांत विसरा म्हणून १६८४ सालीं हुकूम निघाला होता, तीच कोंकणी १९८७ सालीं गोव्याची राजभाषा झाली. हुकूम काढणारा व्हाइसरॉय आज कोणाच्या तोंडीं आहे? बोली मात्र बाजारांत, देवळांत, अंगणांत खळाळते आहे.

माउलींनो, हें ऐकून गजर करावासा वाटेल. जरा थांबा. गोव्याची रात्र संपली, म्हणून पृथ्वीवरची रात्र संपली नाहीं. आतां आम्ही तुम्हांला थोडें लांब नेतों. कारण ज्यांचें गाऱ्हाणें आजचें आहे त्यांची आठवण काढल्यावांचून कालच्यांचें गुणगान करणें बरें नव्हे.

अफगाणिस्तानांत हेरात म्हणून एक पुरातन शहर आहे. कवींचें गांव म्हणून त्याचा लौकिक. १९९५ सालीं तें तालिबानच्या हातीं गेलें. मुलींच्या शाळा बंद झाल्या, बायांना विद्यापीठाचें दार बंद झालें. बायांनीं शिवणकाम करायला तेवढी मोकळीक होती. तेव्हां तेथल्या बायांनीं शिवणशाळा काढली; तिचें नांव 'सोन्याची सुई'. आठवड्यांतून ठरल्या दिवशीं बाया बुरखा घेऊन निघत. हातांतल्या पिशवींत वर कापड, दोरा, कात्री. खालीं वही आणि पुस्तक. आंत विद्यापीठांतले प्राध्यापक मुहम्मद अली रहयाब त्यांना काव्य-साहित्य शिकवीत. बाहेर मुलें खेळत. पहारेकरी दिसला कीं मुलें इशारा देत, आंत पुस्तकें लपत आणि सुया हातांत येत. पकडलें गेलें असतें तर काय झालें असतें, याची कल्पनाच बरी. आम्ही हें प्रथम वाचलें तेव्हां आम्हांला जनाबाई आठवली. वरून पाहणाराला दिसे कीं बाई दळते आहे. आंत काय चाललें आहे तें एका विठ्ठलाला ठाऊक.

त्या सोन्याच्या सुईंत नादिया अंजुमन म्हणून एक मुलगी शिकली. मोठी गुणी, कविता करणारी. २००१ सालीं ती राजवट गेली, विद्यापीठ उघडलें, नादिया तेथें गेली, तिचा काव्यसंग्रहही निघाला. आणि २००५ सालीं, पंचविशीच्या उंबरठ्यावर, नवऱ्यानें मारहाण केल्यानंतर तिचा मृत्यू झाला. ऐकलेंत? तालिबानच्या पहाऱ्यांतून जी जिवंत निघाली ती घरांत मेली. राज्य बदललें, उंबरठ्याच्या आंतलें राज्य बदललें नाहीं.

२०२१ च्या ऑगस्टांत तालिबान पुन्हां आले. सहावीच्या पुढें मुलींना शाळा बंद. २०२२ च्या मार्चांत शाळा उघडणार म्हणून मुली दप्तरें घेऊन वर्गांत जाऊन बसल्या, आणि कांहीं तासांतच त्यांना घरीं पाठविलें. डिसेंबरांत विद्यापीठेंही बंद झालीं. आज हें लिहितांना ती बंदी उठलेली नाहीं. पण तेथेंही कोणाच्या आतल्या खोलींत वर्ग भरतात, कोणी मोबाइलवर धडे ऐकते, थोरली बहीण धाकटीला शिकविते. त्यांचे तेरा दिवस अजून चालू आहेत. वह्या वर येतील कीं नाहीं हें त्यांना ठाऊक नाहीं, तरी त्या बसल्या आहेत.

आणि तोंडावर हात ठेवणारा परकाच असतो असेंही नव्हे. १९७५ च्या जूनपासून १९७७ च्या मार्चपर्यंत आपल्याच देशांत आणीबाणी होती, आपल्याच सरकारचे सेन्सॉर वर्तमानपत्रें तपाशीत होते. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनांत अध्यक्षस्थानावरून दुर्गाबाई भागवतांनीं लेखकाच्या स्वातंत्र्याची बाजू निर्भयपणें मांडली, आणि पुढें त्यांना तुरुंगांत जावें लागलें. तेव्हां दुसऱ्याकडे बोट दाखवून आपल्याला सुटतां येत नाहीं.

इथपर्यंत आलों म्हणून आमचीही एक गोष्ट सांगतों. सांगायला जड जातें, पण आपल्या माणसांपुढें लपवायचें काय?

कांहीं वर्षांपूर्वींची आषाढीची वाट. मुक्काम पडला होता, पाऊस नुकताच उघडला होता, तंबूंत कंदिलाच्या उजेडांत आमचें प्रवचन चाललें होतें. विषय होता मुक्ताबाईचे ताटीचे अभंग. रागावून दार लावून बसलेल्या ज्ञानोबांना धाकट्या बहिणीनें कसें समजाविलें, हें आम्ही रंगून सांगत होतों. प्रवचन संपलें. तेव्हां मागें आजीजवळ बसलेली एक तेरा-चौदा वर्षांची पोर उभी राहिली. म्हणाली, "महाराज, मुक्ताई एवढीशी असून भावाला बोलली, ते सगळ्यांना आवडलं. मग मी शाळा सोडणार न्हाई म्हणून घरी बोलले, तर मला उलट उत्तर देती म्हणून मारलं. मी काय बोलायला पायजे होतं?"

मंडपांत हंशा पिकला. आणि आम्ही? आम्हींही हंसून म्हटलें, "बाळ, लहान तोंडीं मोठा घास घेऊं नये. खालीं बस." पोर खालीं बसली. आरती झाली, पंगत झाली, आम्ही निजलों.

पुढल्या आषाढीस तिची आजी एकटीच दिंडींत होती. आम्हीं नात कोठें म्हणून विचारलें. म्हातारी म्हणाली, "तिचं लगीन केलं की दिवाळीनंतर. शाळा सुटली, मग घरात ठेवून काय करायचं?" एवढें बोलून ती टाळ सांवरून पुढें गेली. तिच्या मनांत आमच्याविषयीं राग नव्हता, हेंच आम्हांला अधिक लागलें.

माउलींनो, त्या रात्रीं आमच्या हातांत कोणती सत्ता होती? ना फौज, ना तुरुंग. एक व्यासपीठ, गळ्यांत वीणा, आणि लोकांचा आमच्यावरचा विश्वास. तेवढ्यावर आम्हीं एक वही इंद्रायणींत टाकली. त्या पोरीनें श्रवण केलें होतें, तिला कीर्तन करायचें होतें. आम्हीं तें दार लावलें. मुक्ताईचें नांव घेऊन, मुक्ताईच्याच वयाच्या पोरीला गप्प केलें. आणि तिच्यासाठीं शिळेवर बसायला कोणी उठलें नाहीं. आम्ही तर नाहींच नाहीं. तें पाप आम्ही दर वारीला पायांबरोबर वागवतों.

म्हणून आमचें चार गोष्टींचें मागणें आहे. तें पायां पडून मागतों.

घरांत मूठ काढा. गोव्याच्या बायांनीं तांदूळ काढले, तुम्ही जोंधळे काढा, नाहीं तर रोजचा एक रुपया काढा. महिन्यानें तें गांवांतल्या ज्या पोराला वह्या-पुस्तकें मिळत नाहींत त्याला द्या. गुरुवारीं भजन करतां, तेव्हां विण्याजवळ एक डबा ठेवा, एवढेंच.

मुलीची शाळा सोडवूं नका. सोडविणारा शेजारी असेल तर त्याच्या ओसरीवर जाऊन बसा. भांडूं नका; बसा. एकदां नाहीं ऐकलें तर दहादां जा. माळकऱ्याला दारांतून कोणी हांकलून देत नाहीं. आपल्या माळेचा तो उपयोग करा. अठराच्या आंत मुलीचें लग्न करणें हा कायद्यानें गुन्हा आहे, हेंही सांगा. पण आधीं तिची वही हातांत घेऊन सांगा.

दिंडीच्या मुक्कामावर रोज अर्धा तास असा ठेवा कीं त्यांत महाराजांनीं बोलायचें नाहीं. लहानमोठ्यांनीं, बायाबापड्यांनीं विचारायचें. उत्तर येत नसेल तर येत नाहीं म्हणावें. त्यानें वीणा विटाळत नाहीं.

आणि चौथें, ज्याचें बोलणें आपल्याला पटत नाहीं त्याचा कागद फाडूं नका. न पटलें तर त्याला उत्तर द्या. वही बुडविणें हें उत्तर नव्हे.

हें सांगतांना आम्हांला त्या कथेचा शेवट आठवतो. रामेश्वर भट्टांचें पुढें काय झालें? परंपरा सांगते कीं ते तुकोबांना शरण आले आणि त्यांचे शिष्य झाले. ज्यानें वह्या बुडविण्याची आज्ञा केली तोच तुकोबांची स्तुति गाऊं लागला. वह्या वर आल्या हा चमत्कार मोठाच. पण बुडविणाराच्या अंतःकरणाचा दगड तरंगला, हा आम्हांला त्याहून मोठा वाटतो. आम्हीही त्या दगडांतलेच एक. त्या पोरीचें नांव आम्हीं तेव्हां विचारलें नाहीं; म्हणून आतां प्रत्येक मुक्कामावर मागें बसलेल्या प्रत्येक पोरीला तिचें नांव विचारतों, ती कितवींत आहे तें विचारतों, आणि तिला कांहीं विचारायचें असेल तर आधीं तिचें ऐकतों. एवढाच आमचा नेम. तो तुम्हीही धरावा.

ज्यांच्या वह्या आज कोठें पाण्याखालीं आहेत, ज्या पिशवींतल्या कापडाखालीं पुस्तक लपवून निघाल्या आहेत, ज्यांच्या तोंडावर हात आहे, त्यांच्या उशाशीं पांडुरंग उभा राहो. आणि शिळेवर त्यांच्याशेजारीं बसायची बुद्धि आपल्याला देवो, हेंच त्याच्या चरणीं मागणें.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल! श्रीज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!